खिशातील रुमाल

चित्रपट पाहावयास निघताना मी दोन वस्तू न विसरता बरोबर घेतो : एक धुतलेला रुमाल आणि एक लहानशी वही. रुमाल कशासाठी, हे तुम्हांला सांगावयास नको. वहीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. १९७८ साली मी महाविद्यालयात होतो. तेव्हापासून जो जो चित्रपट पाहिला, त्याची नोंद मी वहीत करीत आलो. आजवर अशा अकरा वह्या भरल्या आहेत. प्रत्येक पानावर चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख, चित्रपटगृह, दिग्दर्शकाचे नाव आणि कथेचा चार ओळींचा सारांश असतो. अगदी शेवटी एक रकाना असतो. त्याचे शीर्षक ‘डोळे कोठे पाणावले?’ असे आहे. वसईतील एका मासिकात मी कित्येक वर्षे चित्रपटांची परीक्षणे लिहिली, ती बव्हंशी या शेवटच्या रकान्याच्या भांडवलावर. शाळेत शिक्षकांच्या खोलीत माझे सहकारी या वह्यांना ‘अश्रूंचा जमाखर्च’ म्हणत. मला ते नाव आवडले, कारण हिशेब खरोखरच चोख ठेवलेला असे. जेथे रडू आले नाही, तेथे मी स्वच्छ ‘नाही’ असे लिहीत असे. मग भोवतालचे सारे चित्रपटगृह हुंदके देत असले तरी हरकत नसे.

मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर हाताशी वेळ आला, तेव्हा या सर्व वह्या मी सलग वाचून काढल्या आणि एक गंमत माझ्या ध्यानात आली. नायक प्राण सोडतो, आई आणि मूल यांची ताटातूट होते, भर पावसात कोणी घराबाहेर काढला जातो, अशा मोठमोठ्या प्रसंगी माझ्या रकान्यात बहुधा ‘नाही’ असेच लिहिलेले होते. आणि जेथे ‘होय’ लिहिले होते, तेथील प्रसंग पाहावेत तर अगदीच किरकोळ. एक मुलगा रस्त्यावर पडलेली टोपी उचलून झटकतो. एक आजोबा नातवाला रस्त्यावरची गंमत दाखवतात. एक बाई हाती पायताण घेऊन तरातरा देवळाकडे निघते. एवढ्याशा गोष्टींनी डोळे का भरून यावेत?

हा प्रश्न पूर्वीही एकदा माझ्यापुढे आला होता. सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते, “सर, सिनेमातले सगळे खोटे असते ना? मग आपल्याला रडू का येते?” मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. काही प्रश्न असे असतात, की त्यांना घाईने उत्तर दिले तर ते विझून जातात. हा प्रश्न मी जपून ठेवला आणि पुढे प्रत्येक चित्रपटाला बरोबर नेला.

चित्रपटातले सगळे खोटे असते, ही गोष्ट आम्हां वसईकरांना इतरांपेक्षा अंमळ अधिक ठाऊक आहे. आमच्या वसईच्या किल्ल्यात चित्रीकरण चाललेले अनेकांनी पाहिले असेल. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला तो किल्ला. त्याच्या पडक्या कमानी, छप्पर उडालेली देवळे आणि भिंतींत मुळे घुसवून उभी असलेली झाडे चित्रपटवाल्यांना फार प्रिय आहेत. एकदा सुटीच्या दिवशी मी तेथे फिरावयास गेलो असता एका कमानीखाली अशीच गडबड चालली होती. चंदेरी कागद लावलेले मोठे फलक हाती धरून दोन माणसे उन्हाची तिरीप एका नटीच्या मुखावर पाडीत होती. ती नटी आसनावर बसून शांतपणे चहा पीत होती. चहा संपला. एकाने पुढे होऊन तिच्या डोळ्यांत काचेच्या नळीने ग्लिसरिनचा थेंब सोडला. क्षणात डोळे लाल झाले, पाणी वाहू लागले, आणि ती एका दगडी खांबाला मिठी मारून रडू लागली. इतक्यात कोठूनसे एक कुत्रे शेपूट हलवीत बरोबर कॅमेऱ्यापुढे येऊन बसले. दिग्दर्शक ओरडला, नटी खळखळून हसली, आणि सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ते रडणे मी चार वेळा पाहिले. चारही वेळा माझे डोळे कोरडे होते.

मात्र यावरून चित्रपट म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असे अनुमान तुम्ही काढाल तर ते मला मान्य होणार नाही. आपल्या देशात चित्रपट जन्माला आला तोच मुळी एका प्रेक्षकाच्या भारावलेल्या मनातून. १९१०-११च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट लागला होता. दादासाहेब फाळके तो पाहावयास गेले. पडद्यावर ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग सरकत होते, आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या कथा आपल्या माणसांना अशा पडद्यावर केव्हा दिसतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले. पुन्हा जाऊन त्यांनी तो चित्रपट पाहिला आणि पत्नी सरस्वतीबाई यांनाही दाखवला. पुढे किती हालअपेष्टा सोसून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, हा इतिहास तुम्हांला ठाऊक असेल. त्यांच्या ‘लंकादहन’ या १९१७ सालच्या चित्रपटाची एक गोष्ट मला विशेष आवडते. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. तरीही पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. हे ऐकून आज काही लोक हसतात. मला हसू येत नाही. पडद्यावरचा राम हा पगारी नट आहे, हे त्या प्रेक्षकांना कळत नव्हते, असे थोडेच होते? तिकिटाचे पैसे त्यांनी स्वतःच मोजले होते. पण वहाणा त्यांनी नटासाठी काढल्याच नव्हत्या.

चित्रपट कसा पाहावा, हे मला प्रथम शिकवले ते माझ्या आजीने, आणि ती तर एक अक्षरही शिकलेली नव्हती. आमची वाडी वसईच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला. केळीची आणि पानवेलींची लागवड, मधून पाण्याचे पाट आणि विहिरीवर रहाट, असा तो मुलूख. माझ्या लहानपणी गावच्या यात्रेत फिरता सिनेमा येत असे. मैदानात दोन उंच बांबूंना पांढरा पडदा ताणलेला असे. जरा दूर मोटारीवर जनित्र धडधडत असे. एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत शेंगदाणेवाल्यांची चंगळ होई. गर्दी फार झाली, की उशिरा येणारे पडद्याच्या मागल्या बाजूस जाऊन बसत. त्या बाजूने सारे उलटे दिसे. सगळी माणसे डावखुरी! आम्ही मुले मुद्दाम तिकडे जाऊन बसत असू.

तेथेच मी प्रथम ‘संत तुकाराम’ पाहिला. प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेला हा चित्रपट. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या दोघांनी तो दिग्दर्शित केला होता. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली होती. १९३७ साली दूर इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठीचा गंधही नसलेल्या लोकांना तो कळला आणि आवडला. अर्थात हे सर्व मला फार पुढे समजले. त्या रात्री मी पडद्याकडे जितके पाहत होतो, तितकेच आजीकडे पाहत होतो.

मैदानातल्या बाकीच्या बायका तुकाराम दिसले, की हात जोडीत. आजी जोडीत नसे. तिचे लक्ष जिजाईवर होते. गौरी नावाच्या नटीने ती जिजाई अशी काही उभी केली आहे, की आजही ती आपल्या शेजारच्या घरातली बाई वाटते. घरात अन्न नाही, मूल आजारी, नवरा भजनात दंग. मग ती संतापते, हाती पायताण घेते आणि थेट विठोबाला जाब विचारावयास निघते. त्या प्रसंगी सारे मैदान हसले. आजी हसली नाही. पदराचे टोक तिने डोळ्यांना लावलेले मी पाहिले. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते. लोक ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून गजर करू लागले, तेव्हा आजी माझा हात धरून उठली. वाटेत बराच वेळ ती काही बोलली नाही. मग अंधारातच म्हणाली, “तो गेला रे बाळा. आता हिचे काय?”

पुढे मी मराठी घेऊन एम्. ए. झालो, या चित्रपटावर विद्वानांनी लिहिलेले पुष्कळ वाचले. पण आजीच्या त्या एका प्रश्नाइतके मर्मावर बोट ठेवणारे परीक्षण माझ्या वाचनात आले नाही. सात मुलांना वाढवताना तिने स्वतः किती वेळा मनातल्या मनात असे पायताण उचलले असेल, कोण जाणे! ती जिजाईसाठी रडली, हे खरेच. पण ती केवळ पडद्यावरच्या जिजाईसाठी रडली, असे मला वाटत नाही.

आता एका परदेशी चित्रपटाविषयी सांगतो. महाविद्यालयात असताना रविवारी मी लोकलने वसई रोडहून दादरला जात असे. मुंबईत तेव्हा चित्रपटप्रेमी लोकांची मंडळे होती. वर्गणी भरली, की जगातले निवडक चित्रपट पाहावयास मिळत. अशाच एका खेळाला मी ‘बायसिकल थीव्ज’, म्हणजे ‘सायकलचोर’, हा चित्रपट पाहिला. व्हित्तोरियो द सिका या इटालियन दिग्दर्शकाने १९४८ साली तो काढला. महायुद्धाने होरपळलेल्या रोम शहरात एका बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते. अट एकच : स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको घरातल्या पलंगावरच्या चादरी काढते, त्या गहाण ठेवते आणि सायकल सोडवून आणते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीस जाते. मग बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रूनो हे दोघे साऱ्या शहरात ती शोधीत हिंडतात. एवढीच कथा. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता, तो कारखान्यातला कामगार होता. त्याच्या चेहऱ्यावर अभिनय शोधूनही सापडत नाही. नुसती काळजी दिसते.

अखेरीस काय होते, ते ऐका. सायकल सापडत नाही. निराश झालेला बाप मुलाला पुढे जावयास सांगतो आणि भिंतीला टेकून ठेवलेली दुसऱ्याच कोणाची तरी सायकल घेऊन पळू लागतो. लोक धावतात, त्याला पकडतात, त्याच्या थोबाडीत मारतात. आणि मुलगा हे सारे पाहत असतो. बापाची टोपी रस्त्यात पडलेली असते. ब्रूनो ती उचलतो आणि तिच्यावरची धूळ झटकतो. मुलाचे तोंड पाहून सायकलच्या मालकाला दया येते व तो बापाला सोडून देतो. मग बापलेक गर्दीतून चालू लागतात. बापाला रडू आवरत नाही. मुलगा हळूच आपला हात बापाच्या हातात सरकवतो.

चोरी वाईट, हे ब्रूनोला ठाऊक आहे. तुम्हां-आम्हांलाही ठाऊक आहे. मात्र ते सांगण्यासाठी द सिकाने पडद्यावर एकही शब्द खर्च केला नाही. त्याने फक्त एका मुलाला टोपी झटकावयास लावली. माझ्या पहिल्या वहीत या चित्रपटाच्या पानावर शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे : ‘टोपी’.

त्या रात्री परतताना विरारकडे जाणाऱ्या गाडीला उशीर झाला. वसई रोडला उतरलो तेव्हा गावाकडची शेवटची बस निघून गेली होती. पाहतो तो वडील स्टेशनाबाहेर सायकल धरून उभे. रोज पहाटे याच सायकलवर ते केळीचे लोंगर आणि पानांच्या करंड्या लादून स्टेशनावर आणीत, आणि माझ्या महाविद्यालयाची फीही तिच्यावरूनच येई. “चल, बस मागे,” एवढेच ते म्हणाले. मी कॅरिअरवर बसलो. वीस वर्षांचा घोडा मी! वाटेत चढ लागला तेव्हा मी उतरतो म्हणालो, तर त्यांनी मान हलवून नको म्हटले. त्यांच्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरत चालला होता. ‘सिनेमा कसा होता?’ असे त्यांनी विचारले नाही, आणि मीही काही सांगितले नाही. घरी पोहोचल्यावर मात्र मी ती सायकल पडवीत आत घेऊन ठेवली आणि तिला साखळी लावली. एरवी ते काम त्यांचे असे.

‘बायसिकल थीव्ज’ १९५२ साली मुंबईला भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. आपल्याकडील बिमल रॉय यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ हा चित्रपट आला. त्यातही एक बाप आणि एक मुलगा आहेत. गहाण जमीन सोडवण्यासाठी तो बाप कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. तोही चित्रपट तुम्ही मोठेपणी अवश्य पाहा.

काही चित्रपटांविषयी मात्र मला मनापासून चीड आहे, तीही येथे सांगून टाकतो. प्रसंग करुण आहे हे प्रेक्षकाला कळणार नाही, अशी यांच्या निर्मात्यांना सदैव भीती वाटते. म्हणून आई आजारी पडली, की बाहेर विजा कडाडतात, दिवा विझतो, सारंगी आणि व्हायोलिने एकदम आक्रोश करू लागतात, आणि एवढे करूनही भागले नाही, तर एखादे पात्र पुढे येऊन आपल्याला किती दुःख झाले आहे, ते लांबलचक भाषणात सांगते. भोजनाला बसलेल्या पाहुण्याच्या तोंडात यजमानाने बळेच घास कोंबावा, तसा हा प्रकार होय. अशा वेळी रडू येतेही. कांदा चिरतानाही येते. माझ्या रकान्यात मी त्याची नोंद करीत नाही.

हे मी सांगत होतो, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने मला अडवले. “मग सर, ‘श्यामची आई’ पाहताना तुम्हांला रडू आले नाही का?” मुलांना आपल्या शिक्षकाला कोंडीत पकडावयास फार आवडते, आणि ते योग्यच आहे. मी म्हणालो, “आले. पण आई देवाघरी जाते तेथे नाही, पोहण्याच्या प्रसंगी.” साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, त्यावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो देशातला पहिला चित्रपट ठरला. वनमालाबाई त्यात आई झाल्या आणि माधव वझे श्याम झाला. पोहावयास भिऊन लपलेल्या श्यामला आई मारते. आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, म्हणून जी हाताने मारते आणि मनाने स्वतःच मार खाते, अशा आईला पाहताना मला रुमाल काढावा लागला. मुलगी विचारात पडली. तिलाही बहुधा घरी पोहावयास शिकवीत असावेत.

या सुवर्णपदकानंतर मराठी चित्रपटाला तो सर्वोच्च मान पुन्हा मिळण्यास पन्नास वर्षे जावी लागली. २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळाले. ऑस्करच्या स्पर्धेसाठी भारताने त्या वर्षी हाच चित्रपट पाठवला. योगायोग असा, की दोन्ही चित्रपटांत एक लहान मुलगा आहे आणि त्याच्या मायेचे एक वडीलधारे माणूस आहे.

‘श्वास’ आम्ही शाळेच्या सभागृहात सातवीच्या मुलांना दाखवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता, तरी फटींतून ऊन आत येतच होते. कोकणातल्या खेड्यातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. नातू परशा, त्याच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवावयाचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. हे आजोबांना कळते. आता ते या पोराला कसे सांगावे? शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून एकाएकी नाहीसे होतात. डॉक्टर, परिचारिका, सारे शोधाशोध करतात. आणि आजोबा काय करीत असतात? दृष्टी जाण्यापूर्वी जग जेवढे दाखवता येईल तेवढे ते त्याला दाखवीत असतात. अरुण नलावडे यांनी हे आजोबा रंगवले आहेत आणि परशा झाला आहे अश्विन चितळे. आजोबा रडून दाखवीत नाहीत. ते नातवाच्या तोंडाकडे पाहत राहतात, त्याला नीट दिसते आहे ना, एवढेच जणू तपासून घेत.

चित्रपट संपला. सतरंज्या काढल्या. पुष्कळ मुले डोळे चोळीत होती. काही उगाच चप्पल शोधीत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी या चित्रपटाविषयी बोलावयास सांगितले. ‘श्यामची आई’विषयी मला अडवणारी तीच मुलगी पहिल्यांदा उभी राहिली. तिच्या मते आजोबांचे चुकले होते. “असे न सांगता रुग्णालयातून जायचे? आजार वाढला असता तर? डॉक्टरांना किती काळजी वाटली!” तिचे म्हणणे बिनतोड होते. निम्मा वर्ग तिच्या बाजूला गेला. दुसरी बाजू म्हणाली, की डॉक्टरांना आजार दिसत होता, आजोबांना नातू दिसत होता. वाद रंगला. मी टेबलाशी उभा राहून नुसता ऐकत होतो.

एकाने मुद्दा काढला, की परशाला खरे सांगण्याची गरजच काय होती? लहान मूल ते. शस्त्रक्रियेआधी सांगून त्याला घाबरवण्यापेक्षा गुपचूप सारे उरकावयास हवे होते. बऱ्याच जणांना हे पटले. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा वर्गात फारसे बोलत नसे. आदल्या वर्षी त्याचे वडील मुंबईच्या रुग्णालयात वारले होते. घरच्या माणसांनी मायेपोटी त्याला काही दिवस कळू दिले नव्हते. बाबा कामासाठी परगावी गेले आहेत, असे सांगितले होते. ही हकिगत मला ठाऊक होती, वर्गातल्या मुलांपैकी क्वचितच कोणाला असेल.

तो म्हणाला, “नाही सर. सांगितलेले बरे असते.”

मी विचारले, “का रे?”

“नाहीतर मग आपण नीट बघून घेत नाही.”

एवढे बोलून तो खाली बसला. वर्ग गप्प झाला. त्याच्या म्हणण्याचा अर्थ किती जणांना कळला असेल, मला सांगता येणार नाही. पण काहीतरी खरे बोलले गेले आहे, एवढे मुलांना नेमके कळते. मीही त्यावर काही बोललो नाही. पुढच्या बाकावरची ती वाद घालणारी मुलगी मागे वळून त्याच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने हात वर केला. मला वाटले, आता नवा मुद्दा येणार. पण तिने माझ्याऐवजी त्यालाच विचारले, “तू आजोबा असतास तर काय काय दाखवले असतेस?”

तो जरा लाजला. मग म्हणाला, “अर्नाळ्याचा किनारा. होड्या परत येतात ना, तेव्हाचा.”

एकदम सारा वर्ग बोलू लागला. कोणी म्हणाले, जीवदानीच्या डोंगरावरून खाली दिसणारी गाडी, अगदी आगपेटीएवढी. कोणी म्हणाले, सोपाऱ्याचा स्तूप. त्यावर दुसऱ्याने विचारले, त्यात पाहण्यासारखे काय आहे, नुसत्या विटा! एका कोळ्याच्या मुलाने पाचूबंदरची वाळत घातलेली मासळी सुचवली, आणि ती दिसण्याची नव्हे, वासाची गोष्ट आहे, म्हणून सगळ्यांनी तिला नकार दिला. मग ‘वास तर नंतरही येईल’ असे कोणीतरी म्हणाले आणि सर्वांना ते फार सोयीचे वाटले. आईचे तोंड, असे एक मुलगी इतक्या हळू म्हणाली, की मी ते फळ्यावर लिहिले तेव्हाच इतरांना समजले. निर्मळच्या तळ्यातली कमळे आली, मिठागरातले पांढरे ढीग आले, नाताळातले आकाशकंदील आणि दिवाळीतलेही आले. फळा भरत चालला. शेवटी किल्ल्याची तटबंदी कोणी काढली. ती दाखवावयाची हे सर्वांना मान्य होते. पण भर पावसात, हिरवे शेवाळ चढलेले असताना दाखवावयाची, की उन्हाळ्यात, तटावर चढून समुद्र नीट पाहता येतो तेव्हा, यावर दोन बाकांचे असे काही भांडण जुंपले, की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले.